हातउसन्याचा पुरावा

धनादेश वटला नाही म्हणून केलेल्या फिर्यादीत एक वाक्य हमखास सापडते: मैत्रीच्या संबंधापोटी रक्कम हातउसनी दिली. हातउसने म्हणजे व्याज नाही, तारण नाही, बहुधा कागदही नाही. अडचणीत असलेल्या मित्राला पैसे देताना त्याच्याकडून लिहून घ्यायला जीभ रेटत नाही. मग असा तोंडी व्यवहार न्यायासनापुढे टिकतो का? हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे.

कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने ज्या याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली, तिने पुरावे तीन सांगितले: लेख, भोगवटा आणि साक्षीदार. साक्षीदार निदान तीन हवेत. पण दोन्ही पक्षांना मान्य असा धर्म जाणणारा माणूस एकटाही चालेल. दोघांचाही भरवसा असलेला एक माणूस! मैत्रीतल्या व्यवहाराला याहून नेमका साक्षीदार कोणता?

तिन्ही पुरावे नसतील तर दिव्य. मराठेशाहीत ही वेळ मुख्यतः वतनाच्या वादांत येई. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढायचा. त्याआधी हात धुऊन नखे कापत. नंतर हात पिशवीत बांधून वर मोहोर करत आणि काही दिवसांनी पिशवी सोडून, हात भाजला की नाही ते पाहत. त्या मानाने बेलभंडार सौम्य. तळहातावर बेलाचे पान आणि भंडारा घेऊन देवाच्या साक्षीने बोललेला शब्द मोडायला माणूस धजत नसे. खरे-खोटे ठरवतानाही बेलभंडार उचलत आणि वचन देतानाही.

इंग्रजी अमलात देवाची जागा कलमांनी घेतली. १ सप्टेंबर १८७२ रोजी भारतीय करार कायदा लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमानुसार करार लेखीच हवा असे नाही. दुसऱ्या एखाद्या कायद्याने तशी अट घातली असेल तरच लेखाची गरज. म्हणजे उसनवारीचा तोंडी करार तेव्हाही वैध होता, आजही आहे. अडते ते सिद्ध करताना.

कागद असला की सत्य हाती आले, असे मात्र मुळीच नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर तुटून पडले. ते कर्जरोखे मागत होते आणि हाती लागलेले जाळत होते. अक्षरओळख नसलेल्या कुणब्याने काय घेतले आणि रोख्यात काय लिहिले गेले, यांत मोठे अंतर असे. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. शेतकऱ्याचा रोखा सरकारी ग्राम-निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिलेला असावा, अशी अट आली. न्यायालयाने नुसत्या रोख्यावर न विसंबता व्यवहाराचा इतिहास पहिल्यापासून तपासावा, असेही सांगितले. कागदाच्या पाठीमागे जाऊन मूळ बोली शोधायला लावणारा हा कायदा त्या काळाच्या मानाने फार धीट होता.

हातउसन्याला आज आधार असतो तो बहुधा धनादेशाचा. १ एप्रिल १९८९ पासून तो न वटणे हा गुन्हा ठरला. कर्नाटकातल्या ४५,००० रुपयांच्या हातउसन्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले, की धनादेशावरची सही मान्य असेल तर कायदेशीर देणे होते असे गृहीत धरायचे. नव्हते हे दाखवण्याचा भार सही करणाऱ्यावर.

धनादेशही नसेल तर मित्राचा भिडस्तपणाच त्याच्या मुळावर येतो. परतफेडीची तारीख ठरलेली नसेल, तर पैसे दिल्या दिवसापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. ‘दिवाळीनंतर बघू’, ‘पोरीचं लग्न होऊ दे’ असे तोंडी वायदे कितीही झाले तरी मुदत वाढत नाही. ती वाढायला मुदतीच्या आत सहीनिशी लेखी कबुली लागते. अशी कितीतरी खरी देणी केवळ संकोचापायी बुडाली आहेत. तरी १८७२ च्या कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे. मुदत उलटून गेल्यावरही मित्राने ‘तुझे देणे आहे, ते देईन’ एवढे लिहून खाली सही केली, तर पंचविसाव्या कलमाने ते वचन त्याच्यावर बंधनकारक होते.