चुलीपाशी दडवलेले पान

१/ बंगाली भाषेतील पहिले आत्मचरित्र एका गृहिणीचे मानले जाते: राससुंदरी देवी यांचे ‘आमार जीबन’.

२/ जन्म १८०९ च्या सुमाराचा. बाराव्या वर्षी विवाह, पुढे बारा अपत्ये. मोठ्या कुटुंबाचा स्वयंपाक आणि लेकरांची उस्तवार यांत कित्येकदा स्वतःच्या जेवणालाही सवड उरत नसे.

३/ स्त्रीने वाचणे तेव्हा निषिद्ध होते. त्यांनी ‘चैतन्य भागवता’चे एक पान स्वयंपाकघरात दडवले आणि थोरल्या मुलाने ताडपत्रावर गिरवलेल्या अक्षरांशी ते चोरून ताडून पाहिले.

४/ ज्या मातृत्वाने त्यांना घरात जखडले, त्यानेच अक्षरेही घरात आणली. लेकरांचे सुख, अपत्यवियोग आणि उपाशी सरलेले दिवस त्यांनी स्वतः लिहिले. म्हणून माजघरातल्या आईचा दिवस इतिहासात उरला.