घाव आणि कवच

तोफांचा इतिहास सांगणारे पुष्कळ भेटतात. तोफेचा घाव सोसणाऱ्याकडे मात्र सहसा कुणी वळून पाहत नाही. वास्तविक आम्हा तामलवाडीकरांना हा विषय परका वाटू नये. महंमद बिन हसन रूमीने १५४९ मध्ये अहमदनगरास ओतलेली मुलूखमैदान तोफ विजापुरास जाण्यापूर्वी आमच्याच जिल्ह्यातील परंड्याच्या किल्ल्यावर होती. वजन सुमारे ५५ टन! असल्या तोफांपुढे उभे राहावयाचे ते तटाने. दख्खनच्या तटांना दोन्ही अंगांनी घडीव दगड आणि पोटात दगडमातीचा भराव असे. दर्शनी दगड फुटला तरी धक्का भरावात जिरत जाई.

पुढे तटच चालू लागला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापुराहून हैदराबादेवर निघालेल्या भारतीय सैन्याने नळदुर्गाजवळचा बोरी नदीवरील पूल शाबूत ताब्यात घेतला, आणि जुन्या किल्ल्याला मागे टाकून पोलादी कवचाची वाहने जळकोटच्या रस्त्याला लागली.

परंतु चालत्या तटाला वजन परवडत नाही. म्हणून धातुशास्त्रज्ञांची नजर टायटॅनियमकडे गेली. पाण्याच्या मानाने पोलाद ७.८ पट जड, तर टायटॅनियम साडेचार पट. शंभरात ६ भाग ॲल्युमिनियम व ४ भाग व्हॅनेडियम मिसळले की त्याची ताकद चांगल्या पोलादाच्या पंक्तीला बसते. अमेरिकेच्या ए-१० विमानात वैमानिकाभोवती या धातूचे न्हाणीघरातल्या टबासारखे कवच आहे. वर्तमानपत्रे असल्या कवचाला खुशाल ‘अभेद्य’ म्हणतात. मला तो शब्द खटकतो, कारण या धातूचा एक स्वभावदोष आहे, आणि तो केवळ घावाच्या वेळीच प्रकट होतो.

लोहाराच्या ऐरणीवर थंड खिळा भराभर ठोकून पाहा. तो ऊन लागतो. धातू विरूप होताना खर्ची पडणाऱ्या श्रमाचा बहुतेक भाग उष्णतेत जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ त्रेस्का याने १८७८ मध्ये एक चमत्कारिक निरीक्षण नोंदविले: प्लॅटिनमचा तापविलेला दांडा लाली जाऊन निवत असता त्यावर वाफेच्या घणाचा घाव पडला, की फुलीच्या आकाराच्या तांबड्या रेघा उमटत. म्हणजे उष्णता सर्वत्र सारखी न पसरता विवक्षित पट्ट्यांतच साठत होती. याची उपपत्ती १९४४ मध्ये वॉटरटाऊनच्या अमेरिकन शस्त्रागारातील झेनर आणि हॉलोमन यांनी लावली. धातू ताणाने कठीण होतो, उष्णतेने मऊ होतो. घाव सावकाश असेल तर उष्णता निघून जाते आणि काठिण्य जिंकते. घाव क्षणार्धाचा असेल तर तिला पळायला वेळच नसतो. जेथे थोडे जास्त तापले तेथे धातू मऊ पडतो, मऊ पडला म्हणून तेथेच अधिक सरकतो, सरकला म्हणून आणखी तापतो. कर्जबाजारी घरासारखीच ही गत!

टायटॅनियमच्या मिश्रधातूतून उष्णता पोलादाच्या मानाने कितीतरी सावकाश वाहते. म्हणून हे अनर्थचक्र त्यात लवकर सुरू होते. केसाहूनही बारीक पट्ट्यात सारी विरूपता एकवटते, बाकीचा पत्रा जवळजवळ जसाच्या तसा राहतो, आणि त्या पट्ट्यांच्या वाटेने गोळ्यासमोरचा तुकडा बाटलीच्या बुचासारखा निसटून आत उडतो. गोळा आरपार न जाताही घात होऊ शकतो: आघाताची लाट मागच्या पृष्ठावरून उलटताना धातूला ओढते, आणि आतल्या बाजूचे ढलपे सुटतात. तटामागच्या शिपायाला दगडाच्या कपच्या लागत. रणगाड्यातल्या माणसाला हे ढलपे लागतात. तो अरुंद जागेत बसलेला, सरकायलाही वाव नाही. त्याचे प्राण त्या केसभर पट्ट्यावर अवलंबून असतात.

नळदुर्गावरून गेलेला तोच रस्ता हैदराबादेस पोचतो. तेथे कांचनबागेत संरक्षण खात्याची धातुसंशोधन प्रयोगशाळा आहे; आपल्या अर्जुन रणगाड्याच्या ‘कांचन’ कवचाला त्या जागेचेच नाव मिळाले. टायटॅनियमच्या पत्र्यांवर गोळ्या झाडून त्यांचा अभ्यास तेथे झाला आहे. असा पत्रा नंतर आडवा कापतात, घासून आरशासारखा करतात, आम्लाने खोदतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. मग त्या पट्ट्या रेघांसारख्या दिसू लागतात. तोच मिश्रधातू निराळ्या तापमानाला तापवून निराळ्या वेगाने निवविला, की त्याच्या अंतरंगातील कणांची ठेवण पालटते आणि रेघांची दाटीही बदलते. त्या रेघा मोजायच्या, पुन्हा भट्टी लावायची, पुन्हा गोळी झाडायची, असे हे काम आहे.