आन नावाचा सरसेनापती

देवासच्या थोरल्या पातीचे मूळपुरुष तुकोजी पवार. अहिल्याबाईंच्या कारकीर्दीत होळकरांच्या फौजा हिंदुस्थानभर नेणारे तुकोजी होळकर. आणि शहाजीराजांची दुसरी पत्नी, व्यंकोजीराजांची माता तुकाबाई मोहिते. तिघांच्या नावाचा गाभा एकच. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे मूळपुरुष राणोजी आणि शिवाजी महाराजांची कन्या राणूबाई यांचीही गोष्ट तीच. मराठीत मूळ नाव पुष्कळदा पुरुषाचेही नसते आणि स्त्रीचेही नसते. मागाहून लागणारे 'जी', 'बा', 'राव' किंवा 'बाई' हे प्रत्यय त्याला पगडी तरी बांधतात, नाही तर कुंकू तरी लावतात. त्यामुळे नावसारखेपणाने आपल्याकडे कोणाचा घोटाळा झाल्याचे सहसा ऐकू येत नाही.

ज्या भाषेत असे प्रत्यय नाहीत तेथे काय होत असावे? फ्रेंच भाषेत लुईची लुईझ होते, झाँची झान होते. परंतु काही नावे अशी आहेत की ती स्त्रीपुरुषांत जशीच्या तशी फिरतात. 'आन' हे त्यांतले सर्वांत ठळक. इंग्रजीतली ॲन आणि बायबलातली हन्ना ती हीच. येशूच्या मातामहीचे, म्हणजे मेरीच्या आईचे हे नाव. याहून अधिक बायकी नाव शोधूनही सापडावयाचे नाही. आणि तरीही सोळाव्या शतकातल्या फ्रान्सचा सर्वांत करारी, सर्वांत कडक सेनापती हेच नाव धारण करून चौऱ्याहत्तर वर्षे जगला. आन द मोंमोरांसी हे त्याचे नाव.

त्याचा जन्म १५ मार्च १४९३ रोजी शांतिई येथे झाला. बाप गियोम द मोंमोरांसी हा राजसेवेतला जुन्या घराण्याचा सरदार. आईचे नावही आनच होते; तथापि मुलाला नाव मिळाले ते आईवरून नव्हे, तर त्याच्या धर्ममातेवरून. गोव्यातील ख्रिस्ती घरांतून ज्यांना पाद्रीन आणि माद्रीन म्हणतात, त्यांचे नाते युरोपात त्या काळी फार मोलाचे समजले जाई. बाप्तिस्म्याच्या वेळी जी व्यक्ती मुलाची धर्माने हमी घेई, तिचे नाव पुष्कळदा मुलाला देत. मोंमोरांसीच्या या पोराची माद्रीन होती खुद्द फ्रान्सची राणी, ब्रिटनीची आन. त्या वेळी तिचे वय अवघे सोळा होते.

आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला आणि आजीचे नातीला ठेवतात. आजीचे नाव नातवाला ठेवण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. मोंमोरांसीच्या घरात मात्र हा प्रश्न उपस्थितच झाला नसावा. राणीचे नाव मिळाले म्हणजे राणीशी नाते मिळाले. त्या नात्यापुढे मुलगा की मुलगी हा विचार गौण होता. नाव हे त्या समाजात वर्णनापेक्षा वतनाच्या सनदेच्या अधिक जवळ होते.

ही राणी कोण होती हे थोडे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट उमगणार नाही. आन ही ब्रिटनीच्या स्वतंत्र संस्थानाची वारस. तिचा जन्म १४७७ सालचा. अकरा वर्षांची असताना बाप वारला आणि प्रांत तिच्या हाती आला. फ्रान्सच्या सैन्याने ब्रिटनी घेरली, तेव्हा १४९१ मध्ये तिला फ्रान्सच्या शार्ल आठव्याशी विवाह करावा लागला. शार्लपासून झालेली तिची सर्व मुले लहानपणीच गेली. १४९८ मध्ये शार्लही वारला, आणि विवाहाच्या करारानुसार १४९९ मध्ये तिला त्याच्या गादीवर आलेल्या लुई बाराव्याशी लग्न करणे प्राप्त झाले. दोन वेळा फ्रान्सची राणी झालेल्या या बाईच्या मनात आयुष्यभर एकच गोष्ट होती: ब्रिटनी फ्रान्सच्या पोटात जिरून जाऊ नये.

तिच्या मुलींची नावे पाहिली तर नावांचा हा खेळ आणखी रंगतो. १४९९ मध्ये झालेल्या मुलीचे नाव क्लोद. हे नाव एका पुरुष संताचे, सातव्या शतकातल्या एका बिशपाचे आहे. त्याच दरबारात पुढे गीझ घराण्याचा पहिला ड्यूक क्लोद हा बलदंड योद्धा वावरत होता. मारिन्यानोच्या रणावर तो जखमांनी चाळण होऊन पडला होता. १५१० मध्ये झालेल्या दुसऱ्या मुलीचे नाव रने, म्हणजे 'पुन्हा जन्मलेली'. पुरुषाचे रने आणि स्त्रीचे रने यांत लिहिताना एका अक्षराचा फरक पडतो, उच्चारात काहीच नाही. म्हणजे राणीचे स्वतःचे नाव एका मुलाला, पुरुष संताचे नाव थोरल्या मुलीला आणि उभयपक्षी चालणारे नाव धाकटीला! या क्लोद राणीची आठवण फ्रेंच माणसाच्या जिभेवर आजही आहे, कारण हिरव्या रंगाच्या एका गोड आलुबुखाराला तिच्या नावावरून 'रेन-क्लोद' म्हणतात.

थोरल्या क्लोदचे लग्न कोणाशी व्हावे यावर आन राणीने सारी शक्ती पणाला लावली. वर तिने निवडला होता ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यातला चार्ल्स, पुढे सम्राट चार्ल्स पाचवा म्हणून जगाला माहीत झालेला. मुलगी तेथे गेली तर ब्रिटनीही फ्रान्सच्या हातून सुटेल असा तिचा हिशेब. १५०४ च्या ब्ल्वा येथील तहात हे ठरलेही. परंतु १५०६ मध्ये लुईने तो बेत मोडला आणि मुलगी फ्रान्सच्या भावी राजाला, फ्रांस्वाला देऊ केली. राणी हयात असेतो ते लग्न लागले नाही. ९ जानेवारी १५१४ रोजी ती वारली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात लग्न झाले.

तिचे नाव लावणारा मुलगा या फ्रांस्वाच्याच सोबतीत वाढला. राव्हेन्ना, मारिन्यानो, मेझियेरचा वेढा, बिकोका, अशा लढायांतून तो वर चढत गेला. १५२२ मध्ये मार्शल झाला. १५२५ मध्ये पाव्हिया येथे राजा चार्ल्सच्या सैन्याच्या हाती सापडला, तेव्हा मोंमोरांसीही कैद झाला. त्याच लढाईत झालेल्या जखमांनी सव्हॉयचा रने मरण पावला. हा रने पुरुष, हे सांगावयास हवे. राजवाड्याच्या महाव्यवस्थापकाची त्याची जागा मोंमोरांसीला मिळाली आणि १५२७ मध्ये त्याची मुलगी मादलेन हीही.

१५३६ मध्ये सम्राट चार्ल्स प्रोव्हान्स प्रांतात घुसला, तेव्हा मोंमोरांसीने समोरासमोर झुंज देण्याचे टाळले. त्याने आपल्याच मुलखातली पिके व गिरण्या जाळल्या, विहिरी निकामी केल्या, आणि आव्हिन्याँ येथे तळ देऊन स्वस्थ बसला. उपासमार आणि रोगराई यांनी सम्राटाची फौज आपोआप माघारी गेली. १७७९ साली वडगावच्या मोहिमेत मराठ्यांनी इंग्रजांपुढे मुलूख जाळीत जाण्याचे जे धोरण ठेवले, त्याची येथे आठवण होते. मात्र प्रोव्हान्सच्या शेतकऱ्यांना त्या विजयाचे कौतुक किती वाटले असेल, हा प्रश्न उरतोच. १५३८ मध्ये राजाने त्याला 'कोनेताब्ल' म्हणजे राज्याचा सरसेनापती केले.

आणि येथे दोन्ही आनच्या गोष्टी एकमेकींना येऊन मिळतात. सरसेनापती झाल्यावर मोंमोरांसीचे मत पालटले. लढून थकण्यापेक्षा चार्ल्सशी स्नेह करावा, म्हणजे मिलानचे राज्य तो आपण होऊन फ्रान्सला देईल, असे त्याने राजाच्या गळी उतरविले. १५३९ च्या हिवाळ्यात गेंट शहरातले बंड मोडावयास निघालेल्या चार्ल्सला फ्रान्समधून वाट देण्यात आली. १ जानेवारी १५४० रोजी तो थाटाने पॅरिसमध्ये आला. पाहुणचार झाला, सम्राट निघून गेला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याने मिलान आपल्या मुलाला, फिलिपला देऊन टाकले. १५४१ मध्ये सरसेनापतीला दरबारातून दूर व्हावे लागले. धर्ममातेने ज्या चार्ल्सवर भरवसा ठेवून आपल्या प्रांताचे भवितव्य मांडले होते, त्याच चार्ल्सवर धर्मपुत्राने आपल्या राजाचे मांडले. दोघांचाही हिशेब चुकला. फरक एवढाच की राणीचा बेत तिच्या नवऱ्याने मोडला, सरसेनापतीचा खुद्द चार्ल्सने.

मधल्या काळात ब्रिटनीचे व्हावयाचे ते झाले. १५३२ मध्ये तो प्रांत कायमचा फ्रान्सच्या राज्यात सामील करण्यात आला.

१५४७ मध्ये फ्रांस्वा वारला आणि हेन्री दुसऱ्याने मोंमोरांसीला सन्मानाने परत बोलाविले. १५५१ मध्ये ड्यूक केले. एकुआं येथला त्याचा वाडा आज फ्रान्सचे प्रबोधनकालीन कलेचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. कलेची ही आवड आणि स्वभावाचा कठोरपणा एकाच माणसात नांदत होते. ब्रांतोम या बखरकाराने नोंदले आहे की जपमाळ ओढता ओढता तो मध्येच याला फाशी द्या, ते गाव जाळा, असे हुकूम सोडी, आणि पुन्हा मणी मोजू लागे. म्हणून सरसेनापतीच्या प्रार्थनेपासून सावध राहावे असे शिपाई म्हणत. अशा माणसाच्या नावात बायकीपणा शोधावयास कोण धजणार?

त्याच्या पाठोपाठ हे नाव पुरुषांत चालूच राहिले. हेन्री तिसऱ्याचा लाडका सरदार आन द झ्वायूझ १५८७ मध्ये कूत्रासच्या लढाईत ठार झाला. त्याच रणावर त्याचा भाऊही पडला, आणि त्या भावाचे नाव क्लोद. चौदाव्या लुईचा आरमारप्रमुख तूर्व्हील आणि सोळाव्या लुईचा अर्थमंत्री त्युर्गो यांच्या नावांचा आरंभ 'आन' नेच होतो. इंग्लंडची राणी ॲन हिनेही १७०९ मध्ये जन्मलेल्या, हॅमिल्टन घराण्यातल्या आपल्या धर्मपुत्राला स्वतःचे नाव दिले, आणि तो जन्मभर लॉर्ड ॲन हॅमिल्टन म्हणून वावरला. व्हॉल्टेअरच्या मूळ नावातही फ्रांस्वाच्या पाठीशी 'मारी' आहे. पुढे 'आन' पुरुषांतून मागे सरले. क्लोद मात्र टिकले. चित्रकार क्लोद मोने आणि राष्ट्राध्यक्ष पाँपिदू यांची पत्नी क्लोद ही विसाव्या शतकातली उदाहरणे.

सरसेनापती आन पाच राजांच्या पदरी लढला. १५६२ पासून फ्रान्समध्ये धर्मयुद्ध पेटले होते. १० नोव्हेंबर १५६७ रोजी पॅरिसच्या उत्तरेस सँ-दनीच्या मैदानावर हा चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा राजाच्या सैन्याच्या अग्रभागी घोड्यावर होता. समोर प्रॉटेस्टंट फौज होती, आणि तिच्या पुढाऱ्यांत त्याच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा कोलिन्यी होता. लढाई जिंकली, परंतु सरसेनापतीच्या पाठीत पिस्तुलाची गोळी शिरली आणि दोन दिवसांनी तो पॅरिसमध्ये वारला. तो जेथे पडला, त्या सँ-दनीच्याच मठात राणी आन पन्नासहून अधिक वर्षे आपल्या पतीशेजारी निजली होती.

दोघांचीही हृदये देहापासून वेगळी ठेवण्यात आली. मोंमोरांसीचे हृदय त्याच्या इच्छेप्रमाणे राजा हेन्रीच्या हृदयाशेजारी, पॅरिसच्या सेलेस्तँ मठात गेले. राणीचे हृदय सोन्याच्या डबीत घालून ब्रिटनीत, नाँत शहरी, तिच्या आईबापांच्या थडग्यात ठेवले गेले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत डबी रिकामी झाली, पण वितळविली गेली नाही. एप्रिल २०१८ मध्ये ती नाँतच्या संग्रहालयातून चोरीस गेली. थोड्याच दिवसांत पोलिसांनी ती शोधून काढली, आणि ती पुन्हा नाँतला आली.