हिंगोलीच्या वाटेवर हरवलेली मुले

हिंगोली शहरात पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा आणि सदर बाजार ही वस्त्यांची नावे अद्यापि लोकांच्या तोंडी आहेत. कयाधू नदीच्या काठच्या या गावी १८१९ च्या सुमारास निजामाच्या, परंतु इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली असलेल्या फौजेची छावणी पडली. ती पुढे ऐंशीहून अधिक वर्षे तेथे राहिली. छावणी म्हटली की शिपायांचा पगार आला, पगारामागून सावकार व कापडवाले आले आणि त्यांच्या मागून देशोदेशीचे वाटसरू आले. शिवाय एका बाजूस औंढा नागनाथाचे ज्योतिर्लिंग, दुसऱ्या बाजूस नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूज्य असलेले नर्सी. यात्रेकरूंची वर्दळ या मुलखात पूर्वापार होतीच. वऱ्हाड, नागपूर आणि हैदराबाद यांच्या दरम्यानच्या वाटांवरील हे ठिकाण प्रवाशास सुरक्षित वाटावे असेच होते. बाजाराजवळ पहारा, पहाऱ्यावर बंदूकधारी शिपाई. मग भय ते कसले?

या छावणीच्या बाजारात हरीसिंग नावाचा एक व्यापारी होता. साहेब लोकांचे त्याच्याशी देण्याघेण्याचे व्यवहार चालत आणि गावात त्याची पत चांगली होती. एकदा त्याने मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्स यांजकडे मुंबईहून कापड आणण्यासाठी परवाना मागितला. तो त्यास मिळाला. वस्तुतः ते कापड हिंगोलीनजीकच्या एका गावच्या दुसऱ्याच व्यापाऱ्याचे होते, आणि मालक स्वतः मालाबरोबर येत आहे हे हरीसिंगास ठाऊक होते. वाटेत मालकाचा, त्याच्या चाकरांचा आणि बैल हाकणाऱ्यांचा गळा आवळण्यात आला. माल परवान्यानिशी राजरोस हिंगोलीत आला व छावणीत उघडपणे विकला गेला. हरीसिंग हा त्या भागातील ठगांचा म्होरक्या होता. तो पकडला गेल्यावर त्याने आपल्या तोंडाने ही हकीकत सांगितली, तीही मोठी गंमत केल्याच्या थाटात. त्याने ती सांगितली नसती तर हे प्रकरण कधीच उघडकीस आले नसते.

ही हकीकत लिहून ठेवणारा फिलिप मेडोज टेलर त्याच फौजेत अधिकारी होता आणि हरीसिंगाकडून त्याने स्वतः माल घेतलेला होता. पुढे माफीचे साक्षीदार प्रेते पुरल्याच्या जागा एकामागून एक दाखवू लागले, तेव्हाही तो हजर होता. मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत खून झाले होते आणि शिपायांच्या रांगेपासून थोड्याच अंतरावर, एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात, प्रेते पुरलेली होती. एकेका खड्ड्यात अनेक सांगाडे निघत गेले. अखेर पाहणाऱ्यांना किळस आली आणि खोदणे थांबविण्यात आले.

हे खोदणे जेथे थांबले, तेथून एका निराळ्याच प्रश्नास आरंभ होतो. वाटसरूंचे तांडे काही केवळ पुरुषांचे नसत. यात्रेस किंवा लग्नकार्यास निघालेल्या कुटुंबांत बायका असत, कडेवरची मुले असत. आईबाप खड्ड्यात गेले. त्यांच्या मुलांचे काय झाले?

या प्रश्नाचे उत्तर ठगांच्या जबान्यांत विखुरलेले सापडते. कर्नल स्लीमन यांनी १८३६ साली कलकत्त्यास ‘रामासीआना’ हा ग्रंथ छापला. त्यात ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश आहे आणि माफीच्या साक्षीदारांशी झालेली सवालजबाबाच्या रूपातील संभाषणे आहेत. त्यांवरून टोळीतील कामाची वाटणी स्पष्ट दिसते. गोड बोलून वाटसरूस सोबतीस ओढणारा तो सोठा, गळा आवळणारा तो भुरटोट, खड्डा खणणारा तो लुघा. खुणेचा शब्द म्हणजे झिरनी. मुलांसंबंधीचा व्यवहारही तितकाच ठरीव होता. ज्यास घडलेले आठवेल आणि सांगता येईल, त्या वयाचे मूल धोक्याचे. ज्यास अद्याप आपले गावही सांगता येत नाही, ते मूल वाचवावयास हरकत नाही. अशा मुलग्यास एखाद्या ठगाने घरी न्यावे, आपले नाव द्यावे आणि वाढवावे. मुलीस सांभाळून पुढे घरातच सून करून घ्यावे. म्हणजे मुलाचा जीव त्याच्या विस्मरणावर अवलंबून होता. त्यास आईबाप आठवत नाहीत अशी खात्री पटली तरच ते जगावयाचे; आणि जगले की त्याचे पहिले नाव, कूळ आणि गाव ही कायमची पुसली जावयाची.

तथापि लहान वयाचाही नेहमी उपयोग होत असे, असे नव्हे. मराठवाड्यातीलच एक उदाहरण या जबान्यांत आहे. जालन्यास जनरल डोव्हटन यांच्या हाताखालील फौजेत बंदे अली नावाचे मुनशी होते. ते पत्नी, तान्ही मुलगी आणि नोकर यांसह उत्तरेकडे निघाले. वाटेत ठगांनी त्यांच्याशी स्नेह जोडला आणि आजच्या मध्य प्रदेशातील लखनादौन येथे सर्वांचा अंत केला. तान्ही मुलगी तेवढी उरली. गब्बू खान नावाच्या ठगाच्या मनात तिला घरी न्यावे आणि पुढे आपल्या मुलाशी तिचे लग्न लावावे असे होते. परंतु इतक्या मोठ्या घरच्या मुलीचा शोध होईल आणि सारेच पकडले जातील, असे म्हणून सोबत्यांनी त्यास अडविले. मग त्या जिवंत मुलीस आईबापांच्या प्रेतांवर खड्ड्यात टाकून वरून माती लोटण्यात आली.

या हकीकतीतील एक गोष्ट नीट ध्यानात घेण्याजोगी आहे. मुलगी मारली गेली ती तिच्याविषयी कोणी चौकशी करील या भयाने. त्यावरून उलट अनुमान असे निघते की, जी मुले घरी नेली गेली, त्यांची चौकशी कोणी करणार नाही अशी ठगांची खात्री होती. गरिबाचे मूल सुरक्षितपणे नाहीसे करता येत होते.

ही खात्री त्यांस कशाच्या बळावर होती? पहिले कारण असे की, बहुधा फिर्यादीच शिल्लक राहत नसे. मुलाचा शोध आईबाप करावयाचे, आणि तेच मुलाबरोबर नाहीसे झालेले. घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांना माणसे कोणत्या मुक्कामापर्यंत पोहोचली हे कळण्यास मार्ग नसे. पावसाळ्यापूर्वी परतणारी मंडळी परतली नाहीत तर रोगराईने गेली असतील, काशीस राहिली असतील, असे म्हणत वर्ष जावयाचे. दुसरे कारण राज्यांच्या सीमांचे. हिंगोलीहून उत्तरेस निघालेला मनुष्य निजामाचा मुलूख ओलांडून नागपूरकर भोसल्यांच्या हद्दीत आणि तेथून कंपनीच्या मुलखात शिरावयाचा. खून एका राज्यात, खुनी दुसऱ्या राज्यातला, फिर्यादी तिसऱ्यातला. प्रत्येक दरबारास ‘हे आमच्या हद्दीत घडले नाही’ असे म्हणावयास जागा होती. तिसरे कारण ठगांच्या सावधपणाचे. ज्या गावात राहावयाचे तेथे ते इभ्रतीने राहत. हरीसिंगाच्या दारात एखादे नवे मूल खेळताना दिसले असते, तरी कोणी विचारले नसते.

१८३० च्या अखेरीस फिरंगिया नावाचा प्रसिद्ध ठग स्लीमन यांच्या हाती लागला आणि जीव वाचविण्यासाठी माफीचा साक्षीदार झाला. त्यानंतर एकाने दहांची नावे सांगावी व त्या दहांनी आणखी शंभरांची, असे चक्र सुरू झाले. १८३६ च्या ३० व्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला. मग खटला हिंदुस्थानच्या कोणत्या भागात घडलेल्या कृत्याचा, हा वाद उरला नाही. स्लीमन यांनी ठगांच्या वंशावळी तयार करविल्या. कोणाचा बाप कोण, कोण कोणाचा दत्तक, कोणास केव्हा फाशी झाली, हे सारे त्यांत आहे. टेलर यांनी १८३१ ते १८३७ या सात वर्षांचे कोष्टक दिले आहे. त्यात एकंदर ३,२६६ ठगांचा हिशेब आहे: काळ्या पाण्यावर पाठविलेले १,०५९, फाशी गेलेले ४१२, माफीचे साक्षीदार ४८३, असे एकेकाचे पर्यवसान मांडले आहे. तुरुंगातून पळालेल्या ११ जणांसही त्यात रकाना आहे. ठगांच्या घरी वाढलेल्या मुलांसाठी मात्र रकाना नाही.

यात स्लीमन यांची निष्ठुरता पाहणे उचित होणार नाही. त्यांचे काम गुन्हेगार शोधण्याचे होते, आणि ते त्यांनी चिकाटीने केले. पकडलेल्या ठगांच्या मुलांनी बापाचा धंदा करू नये म्हणून जबलपुरास १८३७ च्या सुमारास उद्योगशाळा निघाली. तेथे तंबू आणि गालिचे विणण्याचे शिक्षण मिळू लागले. परंतु त्या शाळेत बसलेल्या मुलांपैकी कोणते ठगाच्या पोटचे आणि कोणते वाटसरूचे, हे ओळखावयाचे कसे? मुलास स्वतःस ते ठाऊक नव्हते, आणि ज्यास ठाऊक होते तो कदाचित फासावर गेला होता.

ही उणीव टेलर यांस जाणवली असावी. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचा नायक अमीर अली हा स्वतः ठगांनी मारलेल्या आईबापांचे मूल आहे. ठगाच्या घरी तो वाढतो, धंदा शिकतो, त्यात नाव मिळवितो आणि एके दिवशी नकळत आपल्या सख्ख्या बहिणीचाच गळा आवळतो. कथानक कल्पित आहे, पण ज्याने हिंगोलीचे खड्डे उघडताना पाहिले त्याच्या लेखणीतून ते उतरले आहे. सरकारी कोष्टकास जे मूल सापडले नाही, त्याच्या तोंडी त्यांनी सबंध कादंबरी घातली.

त्याच १८३९ साली स्लीमन यांचा आणखी एक अहवाल निघाला. दिल्ली, अलवर आणि भरतपूर या भागांत काही टोळ्या दरिद्री प्रवाशांस ठार करीत. त्यांजपाशी पैसा नसे. हवी असत ती त्यांची मुले, गुलाम म्हणून विकण्यासाठी. म्हणजे येथे मूल हीच लूट होती. जोपर्यंत माणूस विकत घेण्यास कायद्याची मान्यता होती, तोपर्यंत अशा मुलास गिऱ्हाईक मिळत राहिले. ही मान्यता कंपनीच्या मुलखात १८४३ च्या ५ व्या कायद्याने काढून घेण्यात आली.

आजचे इतिहासकार या साऱ्या जबान्या सावधपणे वाचतात, आणि ते योग्य आहे. जीव वाचविण्यासाठी बोलणारा मनुष्य अंमलदारास जे ऐकावयाचे असते ते बोलतो. ठगांचा एकच एक देशव्यापी, देवीच्या आज्ञेने चालणारा पंथ होता, ही त्या काळची समजूत आता जशीच्या तशी कोणी स्वीकारीत नाही. ‘आम्ही मुले वाचविली’ या कथनातही स्वतःस दयाळू म्हणविण्याचा मोह असणारच. म्हणूनच बंदे अलींच्या मुलीच्या हकीकतीस अधिक मोल आहे. सांगणाऱ्याच्या लौकिकास तीत भर घालणारे काहीच नाही. हिंगोलीच्या ओढ्यातील सांगाडे तर कोणाच्या जबानीवर अवलंबून नव्हते.

हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळी होऊन जिल्ह्याचे ठिकाण झाली. छावणी गेली, ठग गेले, वाटा बदलल्या. परंतु हरवलेल्या मुलाची दाद लागण्यास प्रथम कोणीतरी त्याचे नाव नोंदविले पाहिजे, हा धडा कायद्याने आपलासा करण्यास फार काळ लागला. मूल ‘बेपत्ता’ एवढाच शेरा मारून वाट पाहण्याची रीत पोलीस ठाण्यांत स्वतंत्र हिंदुस्थानातही दीर्घकाळ चालू होती. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर आदेश दिला की, बेपत्ता मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदविला जावा आणि मूल पळविले अथवा विक्रीसाठी नेले गेले आहे, असे आरंभीच गृहीत धरून तपास व्हावा. म्हणजे मूल आपल्या पायांनी कोठेतरी गेले असेल, ही सोईची समजूत तपासाच्या आरंभी धरता येऊ नये.

गब्बू खानाच्या सोबत्यांस भय वाटले होते ते याच एका गोष्टीचे: कोणीतरी विचारील. जी मुले त्यांनी निर्धास्तपणे घरी नेली, त्यांच्यासाठी विचारणारा कोणी नव्हता. त्यांतील काही म्हातारी होऊन मेली असतील, त्यांचे वंशही वाढले असतील, आणि त्यांपैकी एकासही आपण हरवलो होतो हे कधी कळले नसेल. हिंगोलीच्या इतिहासात मारेकऱ्यांची नावे, त्यांचे गुरू आणि त्यांच्या शिक्षा तारीखवार लिहिलेल्या आहेत. त्या मुलांचा तपास कधी सुरूच झाला नाही, म्हणून तो अपुरा राहिला असेही कोठे नमूद नाही.