ऐलतीराचे नाव

लिंगभावावरच्या मराठी लेखांत आणि महाविद्यालयीन तरुणांच्या बोलण्यात 'सिसजेंडर' हा शब्द आता सहज येतो. जन्मावेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःला आतून जाणवणारे लिंग ज्यांच्या बाबतीत जुळते, त्यांच्यासाठी तो वापरतात. शब्द अगदी तरुण आहे, पण त्याच्या आरंभी बसलेले 'सिस' दोन हजार वर्षांहून जुने असून मुळात त्याचा स्त्री-पुरुषपणाशी काडीचाही संबंध नव्हता. लॅटिनमध्ये 'सिस' म्हणजे अलीकडचा आणि 'ट्रान्स' म्हणजे पलीकडचा. ही जोडी मराठी माणसाला वेगळी समजावून द्यावी लागत नाही, कारण ऐलतीर आणि पैलतीर आपल्या कानांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बोलणारा जिथे उभा असतो तो ऐलतीर. एवढी खूण मनाशी ठेवून आपण मागे जाऊ.

सुरुवात रोमपासून करावी लागते. आल्प्सच्या दक्षिणेला, पो नदीच्या सुपीक खोऱ्यात गॉल टोळ्या राहत होत्या. रोमनांनी इ. स. पू. 222 मध्ये त्यांचे मेडिओलानम, म्हणजे आजचे मिलान, जिंकले. या प्रदेशाला त्यांनी नाव दिले 'गालिया सिसाल्पिना', आल्प्सच्या अलीकडचा गॉल. पर्वतापलीकडचा तो 'ट्रान्साल्पिना'. अलीकडे आणि पलीकडे हे अर्थातच रोममध्ये बसून. पलीकडे राहणाऱ्याला स्वतःचा प्रदेश पलीकडचा वाटण्याचे कारण नव्हते, पण नावे ठेवायला त्याला कोणी बोलावले नव्हते. महाकवी व्हर्जिल याच अलीकडच्या गॉलमधला, मांटुआजवळ जन्मलेला. या प्रांताची दक्षिण सीमा म्हणजे रुबिकॉन ही लहानशी नदी. इ. स. पू. 49 मध्ये सीझर सैन्यासह ती ओलांडून इटलीत उतरला आणि रोममध्ये यादवी पेटली. पुढे इ. स. पू. 42 मध्ये हा प्रांत इटलीतच विलीन झाला आणि नाव मागे पडले. अठराशे वर्षांनी, 1797 मध्ये, नेपोलियनने उत्तर इटलीत 'सिसाल्पाइन प्रजासत्ताक' उभारले तेव्हा ते जुन्या पेटीतून पुन्हा बाहेर निघाले.

यानंतर हा उपसर्ग थेट आपल्या दाराशी येतो. सतलजच्या दक्षिणेकडची पतियाळा, नाभा, जिंद ही शीख संस्थाने अठराव्या शतकाच्या अखेरीस शिंद्यांच्या वर्चस्वाखाली होती. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात 30 डिसेंबर 1803 रोजी दौलतराव शिंद्यांना तह करावा लागला. तो झाला आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या सुर्जी-अंजनगाव येथे. यमुनेच्या वरच्या मुलखावरचा मराठ्यांचा हक्क तिथे संपला. मग 1809 मध्ये अमृतसरच्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने लाहोरच्या महाराजा रणजितसिंहांना सतलजपाशी थोपवले. या संस्थानांना कंपनीच्या दप्तरात 'सिस-सतलज' म्हणत. कलकत्त्याहून आणि दिल्लीहून पाहिले तर ती अलीकडे होती. लाहोरच्या दरबारातून तीच पैलतीरावर दिसत. वऱ्हाडातल्या एका गावात झालेला तह आणि एक लॅटिन उपसर्ग असे एकाच नकाशावर भेटतात, हे मला फार मोलाचे वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द भूगोलातून प्रयोगशाळेत गेला. कार्बनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असले की ते एकमेकांभोवती मोकळेपणी फिरू शकत नाहीत. त्यांना जोडलेले गट मग बंधाच्या एकाच बाजूला तरी राहतात, नाहीतर विरुद्ध बाजूंना. पहिली रचना 'सिस', दुसरी 'ट्रान्स'. मॅलेइक आणि फ्युमॅरिक आम्लांचे अणू तेच आणि तेवढेच, पण पहिले साधारण 135 अंश सेल्सिअसला वितळते, तर दुसऱ्याला त्याच्या दुप्पट तापमानही पुरत नाही. इथे बोलणाऱ्याची जागा प्रथमच गळून पडली. दोन्ही बाजू सारख्याच मानाने एका कागदावर मांडल्या गेल्या. बाजूने किती फरक पडतो याचा ठसठशीत पुरावा विसाव्या शतकात मिळाला. अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जिवाणू विभागायचे थांबले आणि नुसते लांबत गेले, मूळ आकाराच्या 300 पटींपर्यंत. ही करामत विजेची नव्हती. प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांतून द्रावणात उतरलेल्या संयुगाची होती. 1965 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्यातून पुढे आलेले 'सिसप्लॅटिन', ज्यात क्लोरीनचे दोन्ही अणू शेजारी असतात, कर्करोगावरचे महत्त्वाचे औषध ठरले आणि 1978 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. क्लोरीनचे अणू समोरासमोर असलेले त्याचे ट्रान्स भावंड मात्र कर्करोगावर निकामी ठरले.

माणसांकडे हा उपसर्ग वळला तो बर्लिनमध्ये. 1910 मध्ये डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी दुसऱ्या लिंगाचा पोशाख करणाऱ्यांवर ग्रंथ लिहून त्यांना 'ट्रान्सव्हेस्टाइट' म्हटले. चारच वर्षांनी, 1914 मध्ये, एर्न्स्ट बुर्खार्ड या डॉक्टरने आपल्या कोशात त्याची विरुद्ध बाजू म्हणून 'सिस' लावून शब्द घडवला. तो रुजला नाही. ज्यांना समाज सामान्य म्हणतो, त्यांना वेगळ्या नावाची गरज तेव्हा कोणाला वाटणार? हिर्शफेल्ड यांची लैंगिकतेच्या अभ्यासाची संस्था 6 मे 1933 रोजी नाझी विद्यार्थ्यांनी लुटली, चार दिवसांनी तिच्या ग्रंथालयातली पुस्तके भर चौकात जाळली. एका अभ्यासपरंपरेची ती राख होती आणि तिची हळहळ आजही वाटते.

सूत्र पुन्हा जुळायला अर्धे शतक उलटले. 1991 मध्ये जर्मन संशोधक फोल्कमार झिगुश यांनी 'सिससेक्शुअल' हा शब्द मांडला. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: पैल आहे तर ऐलही असलाच पाहिजे. 1994 मध्ये अमेरिकेत डाना लेलँड डिफॉस यांनी इंटरनेटवरच्या एका चर्चागटात 'सिसजेंडर' लिहिले. 2007 मध्ये ज्युलिया सेरानो या ट्रान्स लेखिकेच्या पुस्तकाने ही परिभाषा दूरवर पोचवली. 2015 मध्ये ऑक्सफर्डच्या कोशाने शब्द दाखल करून घेतला. आज काहींना तो शिवीसारखा वाटतो. मला ते पटत नाही. इतरांना नावे देण्याची ज्यांना सवय होती, त्यांना स्वतःला नाव मिळाल्याची ती अस्वस्थता असावी.

आपल्याकडे 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठीही बाजू मांडत होत्या. 2019 मध्ये संसदेने ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी कायदा केला. त्याच्या व्याख्येत ट्रान्स पुरुष, ट्रान्स स्त्री, किन्नर, हिजडा, अरवानी यांच्याबरोबर जोगता हाही शब्द आला, कोल्हापूर-सांगलीकडे यल्लम्मा देवीच्या नावाने ओळखला जाणारा. पैलतीर असा कायद्याने नावानिशी लिहून काढला. ऐलतीरावरच्यांसाठी त्या कायद्यात वेगळे नाव नाही.