न विचारलेला प्रश्न : लघवी गळण्याचा त्रास, त्याचा इतिहास आणि आपली प्रश्नावली



पीएच.डी.ला बसायचं ठरलं की आपण सगळ्यात आधी 'रिसर्च गॅप' शोधायला लागतो. मीही शोधला. पण माझा विषय मला पेपर वाचताना सापडला नाही, घरात सापडला.

माझी आजी मेहकर तालुक्यातली. दरवर्षी एसटीने शेगावला जायची. साठीच्या आसपास तिने जाणं बंद केलं आणि घरातल्या सगळ्यांनी कारण ठरवून टाकलं, गुडघे. मी एम.एस्सी.ला असताना एकदा सहज विचारलं तेव्हा कळलं की गुडघ्यांचा काही संबंधच नव्हता. गाडीने गचका खाल्ला किंवा खोकला आला की लघवी निसटायची. ओल्या लुगड्याने देवळात कसं जायचं? म्हणून तिने जाणंच सोडलं. मी म्हटलं, "आजी, एवढी वर्षं सांगितलं का नाही?" ती म्हणाली, "कोणी इचारलंच नाही. अन् सांगासारखं काय हाय त्यात? सगळ्यायलेच होते थे."

या उत्तरात दोन विधानं आहेत. 'कोणी विचारलं नाही' आणि 'सगळ्यांनाच होतं'. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर या दोन्ही विधानांकडे नीट बघा. पहिलं मोजमापाबद्दल आहे, दुसरं प्रमाणाबद्दल. हा लेख या दोन विधानांच्या इतिहासावर आहे.

आधी व्याख्या

इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीने 2002 मध्ये व्याख्या सोपी केली: आपल्या इच्छेविरुद्ध लघवी गळते, अशी कोणतीही तक्रार. यातला 'तक्रार' हा शब्द अधोरेखित करा, पुढे लागणार आहे.

प्रकार मुख्यतः दोन. खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना गळते तो 'स्ट्रेस' प्रकार. इथे स्ट्रेस म्हणजे मनाचा ताण नाही, पोटातला दाब. अचानक घाई होते आणि मोरीपर्यंत पोहोचायच्या आत गळते तो 'अर्ज' प्रकार. दोन्ही एकत्र असतील तर मिश्र. या सगळ्यांपासून वेगळा आजार म्हणजे फिस्टुला. बाळंतपण अडून राहतं, बाळाचं डोकं तासन्‌तास ओटीपोटाच्या हाडांवर दाबून धरतं, मधल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तो भाग मरतो आणि मूत्राशय व योनिमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडतं. मग लघवी दिवसरात्र झिरपत राहते. प्रश्नावलीत हे दोन्ही एका ओळीत टाकले तर तुमचा सगळा डेटा खिचडी होतो.

इतिहासाची सुरुवात, आणि तिच्यावरचा डाग

वैद्यकशास्त्राचं लक्ष आधी गेलं ते फिस्टुलाकडे, कारण तो लपवता येत नाही. अमेरिकेतल्या अलाबामात जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने 1845 ते 1849 या काळात त्याच्या शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. प्रयोग कोणावर? गुलाम असलेल्या काळ्या स्त्रियांवर. अनार्का, बेट्सी आणि लूसी ही त्यातली आपल्याला माहीत असलेली तीन नावं. एकट्या अनार्कावर सुमारे 30 शस्त्रक्रिया झाल्या, त्याही भूल न देता. 1852 मध्ये सिम्सचा लेख छापून आला आणि तो 'आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक' म्हणून ओळखला जाऊ लागला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कलगतचा त्याचा पुतळा 2018 मध्ये हलवण्यात आला.

एथिक्स कमिटीचा फॉर्म भरताना आपण कुरकुरतो ना, तेव्हा अनार्का आठवायची. 'नाही' म्हणायचा हक्कच नसलेल्या बाईची संमती ही संमती नसते.

आपल्याकडे : वयाचा प्रश्न

महाराष्ट्रात हा विषय थेट आला नाही, लग्नाच्या वयाच्या वादातून आला. आनंदीबाई जोशींचं लग्न नवव्या वर्षी झालं, चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या आणि बाळ दहा दिवसांत गेलं. 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. होताना त्यांनी प्रबंधाचा विषय घेतला तो प्राचीन हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. विषय निवडताना आपल्या आयुष्याचा किती भाग त्यात येतो याचं हे जुनं उदाहरण.

1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने वय 10 वरून 12 केलं. पुण्यात त्यावरून केवढं रण माजलं ते तुम्ही शाळेत वाचलंच असेल. पण आपल्या वऱ्हाडाचा धागा पुढे आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. 1928 मध्ये सरकारने संमतिवयाच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते सर मोरोपंत जोशी, अमरावतीचे वकील. म्हणून ती 'जोशी समिती'. समितीने देशभर प्रश्नावल्या पाठवल्या, साक्षी घेतल्या आणि 1929 मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षी शारदा कायदा झाला आणि मुलींच्या लग्नाचं किमान वय 14 ठरलं. ते 18 व्हायला 1978 उजाडलं.

इथे थोडं थांबून विचार करा. या सगळ्या वादात कोण दिसतं? कोवळ्या वयात बाळंतपणात मेलेली किंवा कायमची जायबंदी झालेली मुलगी. कोण दिसत नाही? सहा बाळंतपणं करून जिवंत राहिलेली, शेतात राबणारी, चाळिशीपासून गुपचूप लुगडं बदलणारी बाई. मृत्यूची नोंद होते, ओल्या कपड्याची होत नाही.

गडचिरोली, 1989

ही चौकट मोडली ती विदर्भातच. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांचा अभ्यास केला आणि जानेवारी 1989 मध्ये तो 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. आकडे असे: 55 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाची काहीतरी तक्रार होती, पण तपासणीत 92 टक्के स्त्रियांना किमान एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला. सरासरी एका बाईमागे 3.6 आजार. आणि आधी कधी स्त्रीरोग तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया फक्त 8 टक्के.

हा अभ्यास प्रामुख्याने लघवी गळण्यावर नव्हता, निम्मा आजार जंतुसंसर्गाचा होता. तरी तो मी इथे का घेतला? कारण त्याने पद्धत शिकवली. त्याआधी आकडे यायचे ते दवाखान्यात आलेल्या बायकांचे. जी दवाखान्यात येतच नाही ती आकड्यात कशी येणार? म्हणून गावात जाऊन मोजायचं. याला आपण 'पॉप्युलेशन-बेस्ड' अभ्यास म्हणतो.

आता एक बारकावा बघा. जंतुसंसर्ग बाईने सांगितला नाही तरी तपासणीत सापडतो, म्हणून 55 चे 92 झाले. लघवी गळण्याचं मात्र उलटं आहे. त्याची व्याख्याच 'तक्रार' आहे. बाई बोलली नाही तर कोणतंही यंत्र गावभर फिरून तो आजार मोजू शकत नाही. म्हणजे आपल्या विषयात प्रश्न हेच उपकरण. उपकरण चुकलं की वाचन चुकलं.

मग बाळंतपणाचा वाटा किती?

'सगळ्यांनाच होतं' या दुसऱ्या विधानाची तपासणी नॉर्वेत झाली. तिथल्या एपिनकॉन्ट अभ्यासात सुमारे 28 हजार स्त्रियांनी उत्तरं दिली आणि त्यातल्या 25 टक्के स्त्रियांना हा त्रास होता. म्हणजे खूप जणींना होतो, पण सगळ्यांना नाही. 2003 मध्ये याच अभ्यासातल्या 65 वर्षांखालच्या 15,307 स्त्रियांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. बाळंतपण न झालेल्या स्त्रियांत त्रासाचं प्रमाण 10.1 टक्के, फक्त सिझेरियन झालेल्यांत 15.9 टक्के, नैसर्गिक प्रसूती झालेल्यांत 21 टक्के.

घाई करणारा विद्यार्थी यावरून लिहील: 'बाळंतपणामुळे लघवी गळते, सिझेरियन करा.' तुम्ही असं लिहू नका. पहिला आकडाच सांगतो की मूल न झालेल्या दहांतल्या एकीला हा त्रास आहेच. शिवाय याच अभ्यासात 65 च्या पुढे बाळंतपणांच्या संख्येशी असलेला संबंध दिसेनासा झाला, तिथे वय आणि इतर कारणं वरचढ ठरतात. आणि सिझेरियनचे स्वतःचे धोके आहेतच.

आता माझ्या आजीकडे बघा. लग्न लवकर, पहिलं मूल सोळाव्या वर्षी, सहाही बाळंतपणं घरी. सव्वा महिन्याची विश्रांती फक्त पहिल्या खेपेला मिळाली, नंतर घरात करायला कोण होतं? डोक्यावर पाणी, कमरेत वाकून निंदणी, चुलीच्या धुराने जुना खोकला. यातलं कारण कोणतं? जिचं लग्न लवकर होतं तिलाच मुलं जास्त, तिचंच शिक्षण कमी, तीच मजुरीला जाते. सगळे घटक एकमेकांत गुंतलेले. यालाच आपण कन्फाउंडिंग म्हणतो. एकाच वेळी केलेल्या पाहणीतून तुम्ही 'संबंध आढळला' एवढंच म्हणू शकता. 'यामुळे झालं' म्हणायला आधी काय आणि नंतर काय हे कळावं लागतं.

बुलढाण्यात विचारायचं कसं

आपल्या जिल्ह्यात 13 तालुके, आणि घाटावरची व घाटाखालची बोली सारखी नाही. 'मूत्र असंयम आहे का?' हा प्रश्न प्रबंधात चालेल, ओसरीवर चालणार नाही. 'लघवीचा त्रास आहे का?' हा सोपा वाटतो, पण तो त्याहून धोक्याचा. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव हा खारपाणपट्टा. तिथे 'लघवीचा त्रास' म्हटलं की लोकांच्या मनात खारं पाणी आणि किडनी येते. तुम्हाला 'हो' मिळेल, पण दुसऱ्याच प्रश्नाचं.

म्हणून विचारायचं ते प्रसंगाचं: "खोकलं, शिंकलं, हंडा उचलला तर थेंब जातात का? मोरीपर्यंत जायच्या आतच होते का? दिवसभर झिरपत राहते का?" त्यानंतर: "त्यामुळे कुठं जाणं सोडलं का?" हा शेवटचा प्रश्न माझ्या आजीचा आहे. सामाजिक परिणाम तिथेच सापडतो. लग्नात, वारीला, शेतात जाणं. शेतात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी कमी पिणं. आणि विचारताना शेजारी सासू किंवा मुलगा बसलेला नको.

'अंग बाहेर येणे' आणि 'अंगावरून जाणे' हे वेगळे त्रास आहेत, त्यांचे प्रश्न वेगळे ठेवा. बाळंतपणाचं जुनं आठवतं तेवढंच बाई सांगेल. तारीख विचारू नका. बाळंतपण कुठे झालं, कोणी केलं, कळा किती वेळ चालल्या, किती दिवसांनी कामाला लागली, हे विचारा. गर्भपिशवी काढली आहे का, हेही विचारा. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेला होता. पोटाखालच्या प्रत्येक दुखण्यावर पिशवी काढणं हाच इलाज, असं ऐकलेल्या बायका तुम्हाला भेटतील.

विचारल्यानंतर

शेवटची गोष्ट. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरने 1948 मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम मांडले. वारा अडवताना जे स्नायू आपण आवळतो तेच आवळायचे, धरायचे, सोडायचे. नीट शिकून नियमित केले तर विशेषतः स्ट्रेस प्रकारात अनेकींना फरक पडतो. खर्च शून्य. म्हणजे हा त्रास नशिबाचा नाही, बहुतेकींना काही ना काही इलाज आहे. म्हणून आपल्याही अंगावर जबाबदारी येते. एखाद्या बाईने पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि तुम्ही फॉर्मवर टिक करून 'धन्यवाद' म्हणून उठलात, तर अनार्कापासून आपण फार पुढे आलो असं मला वाटत नाही. प्रश्नावलीच्या शेवटच्या पानावर व्यायामाची माहिती आणि जवळच्या आरोग्य केंद्रात कोणाला भेटायचं ते असलंच पाहिजे.

आजीला एका फिजिओथेरपिस्टबाईंनी व्यायाम शिकवला. आठवेल तेव्हा करते, पूर्ण बरं झालेलं नाही. पण मागच्या वर्षी ती शेगावला जाऊन आली. पिशवीत एक लुगडं जास्तीचं होतं, आणि ते कशासाठी आहे हे या वेळी घरात सगळ्यांना माहीत होतं.

तुम्ही विषय शोधत असाल तर आज एक काम करा. घरातल्या मोठ्या बाईने अलीकडे काय करणं सोडलं आहे ते आठवा, आणि कारण तिलाच विचारा.