अट आणि दार

अमेरिकेत नर्स, डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट व्हायचं, तर त्या अभ्यासक्रमाआधी रसायनशास्त्र, जीवशास्त्र असे विषय कॉलेजात पास झालेले लागतात. नर्सिंगसाठी बहुधा शरीररचना आणि सूक्ष्मजीवशास्त्रही. आज हे सगळं घरबसल्या ऑनलाइन शिकता येतं. पण कोर्स निवडण्याआधी ही अट आली कुठून, ते पाहिलेलं बरं.

एकोणिसाव्या शतकात तिथली अनेक वैद्यकीय कॉलेजं फी भरेल त्याला घेत. १८९३ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सचं वैद्यकीय कॉलेज सुरू झालं. त्यासाठी पैसा कमी पडत होता. मेरी गॅरेट या बाईंनी तीन लाखांहून अधिक डॉलर दिले, पण अटी घालून : मुलींना मुलांच्या बरोबरीनं प्रवेश द्यायचा, आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे पदवी व विज्ञानाची तयारी हवी. पहिल्या तुकडीतल्या १८ जणांत ३ स्त्रिया होत्या.

पुढे अब्राहम फ्लेक्सनर आले. ते डॉक्टर नव्हते, आमच्यासारखे शाळामास्तर. अमेरिका आणि कॅनडातली १५५ कॉलेजं तपासून त्यांनी १९१० मध्ये अहवाल दिला. प्रयोगशाळेशिवाय डॉक्टर घडत नाही, हा त्याचा गाभा. त्यानंतर निकृष्ट कॉलेजं बंद पडत गेली. रुग्णांचं भलं झालं. पण कृष्णवर्णीयांच्या सातपैकी दोनच कॉलेजांना त्यांनी पसंती दिली आणि उरलेली पाच काही वर्षांत मिटली. ज्यांच्याकडे आधीची कॉलेजची वर्षं विकत घ्यायला पैसा नव्हता, त्यांच्यासाठी दार लागलं.

त्याच काळात दुसरं एक दार उघडत होतं. १८९२ मध्ये शिकागो विद्यापीठ सुरू झालं, तेव्हाच अध्यक्ष विल्यम हार्पर यांनी टपालानं शिक्षण देण्याची सोय केली. नोकरी करणाऱ्यांना त्याचा आधार झाला. अडचण एकच : धडा पाकिटात मावतो, प्रयोगशाळा मावत नाही.

ते भांडण अजून मिटलेलं नाही. आता प्रयोगाचं सामान कुरिअरनं घरी येतं, विच्छेदन पडद्यावर होतं. २०२० च्या कोरोनात अनेक कॉलेजांनी ते चालवून घेतलं. पण आजही काही ठिकाणी प्रत्यक्ष प्रयोगशाळाच लागते.

माझी भाची तिकडे वृद्धाश्रमात काम करते, तिला नर्स व्हायचंय. "खाला, कुठला कोर्स स्वस्त?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, बेटा, उलट्या बाजूनं सुरुवात कर. आधी ज्या नर्सिंग कॉलेजात जायचंय त्यांची यादी कर. त्यांना लेखी विचार : ऑनलाइन थिअरी चालते का, ऑनलाइन प्रयोग चालतात का, किमान श्रेणी कोणती, किती वर्षांपूर्वीचा कोर्स ग्राह्य? कोर्स देणाऱ्या संस्थेला कुणाची मान्यता आहे? उत्तर ईमेलवर घे, फोनवरचं धरू नकोस. मग पैसे भर.

कारण श्रीमंत घरातल्या मुलीचा कोर्स नाकारला गेला, तर ती दुसरा घेते. रात्रपाळी करून फी जमवणारीचं वर्ष जातं, आणि पुष्कळदा हिंमतही. मेरी गॅरेटनी कडक अट घालतानाच दारही उघडलं होतं. नुसती अट ठेवून दाराचा पत्ता न सांगणाऱ्या कॉलेजांना तो विचारून घेणं, हा विद्यार्थ्याचा हक्क आहे.